दोन व्याही, एक विमा

“जिना चढताना दम लागतो का?” टिपणीसबाईंनी मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलं, “मला नाही बाप्पा.”

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण माझे व्याही भालचंद्र वानखडे यांना कुणी विचारायची गरजच नसायची. अमरावतीला तीस-बत्तीस वर्षं पीटी मास्तर होते. निवृत्त झाले तरी छाती पुढे काढून बसायची सवय गेली नव्हती. खुर्चीला पाठ टेकवणं म्हणजे त्यांच्या लेखी आळस.

“सर, तुमचं नंतर घेते,” टिपणीसबाई हसून म्हणाल्या. “आधी मगदूमकाकांचं.”

मगदूमकाका म्हणजे मी. इचलकरंजीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो, बायको गेली, आणि एकुलता एक मुलगा सुजय कॅलगरीला होता म्हणून कॅनडात येऊन राहिलो. त्या देशात मुलांच्या आईबापांना लांब मुक्कामाचा एक व्हिसा मिळतो. अट एवढीच की म्हाताऱ्यांनी स्वतःचा वैद्यकीय विमा काढलेला हवा. माझा पहिल्या वर्षाचा विमा संपत आला होता आणि जुनी कंपनी तो पुढे चालवायला तयार नव्हती. मधल्या काळात मी सत्तरी ओलांडली होती. वानखड्यांचीही मुदत त्याच सुमारास संपत होती. तेही विधुर, त्यांनाही स्नेहल ही एकच मुलगी, आणि ती माझी सून. त्यामुळे दोन व्याही एकाच घरात, एकाच तळघरात, समोरासमोरच्या खोल्यांत राहत होतो. आमच्याकडे असं कुणी ऐकलं तर हसतील.

सुजयने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. “बाबा, विमा नसेल तर मी तुम्हाला एक दिवसही ठेवून घेणार नाही. इथं तुम्ही विम्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढलात तर घर विकायची वेळ येईल.” विमा मिळाला तर मुक्काम, नाहीतर इचलकरंजीचा बंद फ्लॅट. आणि माझी चार वर्षांची नात ओवी फोनच्या पडद्यावर.

टिपणीसबाईंचं ऑफिसही त्यांच्या तळघरातच. बाई मराठी मंडळाच्या खजिनदार, विम्याचं काम करून गणपतीच्या मोदकांची ऑर्डरही घ्यायच्या. त्यांनी माझी सगळी कुंडली मांडली. हृदयात एक स्टेंट. साखर. कोलेस्टेरॉल. त्यावर त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

“हे सगळं चालतं काका. फक्त सहा महिने गोळ्यांत काही बदल झालेला नको. याला स्टेबल म्हणतात. झालाय का काही बदल?”

“न्हाई. म्हणजे, जूनमध्ये आमच्या डॉक्टर चौगुल्यांनी फोनवर एक गोळी अर्धी केली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अर्धी का केली?”

“रिपोर्ट चांगले आले की वो. बरं वाटायला लागलं म्हणून.”

“तेच नडलं बघा,” त्या म्हणाल्या. “वाढवली काय, कमी केली काय, कंपनीच्या लेखी बदल तो बदलच. बरं वाटायला नको होतं तुम्हाला.”

वानखडे मोठ्याने हसले. मलाही हसू आलं असतं, पण ते हसले म्हणून नाही आलं.

मग त्यांची पाळी. साखर? नाही. रक्तदाब? नाही. गोळ्या? “गोळी म्हणजे काय ते मी फक्त मैदानावर पाह्यलं, गोळाफेकीत,” असं म्हणून त्यांनी बाईंना जिंकून घेतलं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान माणूस! त्यांना तिथल्या तिथे विमा मिळाला. हप्ताही माझ्या जुन्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी. माझ्यासाठी बाई अजून एका कंपनीला विचारणार होत्या, जी तीन महिन्यांच्या स्थिरतेवर मानते. “पण आशा लावून बसू नका काका,” असं त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं.

गाडीत बसताना वानखडे म्हणाले, “होऊन जाईल तुमचंही, मगदूमसाहेब. काळजी करू नका.” मुलाच्या बापाला धीर द्यायची वेळ मुलीच्या बापावर यावी, हे माझ्या जिव्हारी लागलं. लग्नात मी मानपानाचा एक टॉवेलही घेतला नव्हता, त्याचा मला अभिमान होता. पण मान घ्यायचा नाही हे आपण ठरवायचं असतं. इथे एका परक्या कंपनीने आम्हा दोघांना तोलून पाहिलं होतं आणि त्यांच्या पारड्यात पसंती टाकली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने शिरा केला. सगळ्यांना वाटला. माझ्यासमोर स्नेहलने नेहमीप्रमाणे दुधीची बिनमिठाची भाजी ठेवली. ओवी शिऱ्याने भरलेल्या तोंडाने म्हणाली, “आबांना राहायचं तिकीट मिळालं. आज्जाला नाही मिळालं.”

“मिळंल की,” मी म्हणालो.

“तू धावत नाहीस ना, म्हणून नाही मिळालं,” ती म्हणाली. सगळे हसले. मी पाणी प्यायलो.

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा मत्सर वाटत होता, आणि तो काही विम्यापासून सुरू झाला नव्हता. वर्षभर मी बघत होतो. ओवीच्या बुटांचे पट्टे आबांनीच लावायचे. बागेत आबांनीच न्यायचं. मी हात पुढे केला की “आज्जा, तू बस” असं म्हणून ती मला खुर्ची दाखवायची. ते तिला सूर्यनमस्कार शिकवायचे, गळ्यातली जुनी शिट्टी वाजवायचे, आणि ती पोरगी शिट्टीवर बागडायची. तेही मी गिळलं असतं. पण रविवारी सुजय त्यांच्याबरोबर पळायला जायला लागला. माझा मुलगा! माझ्याबरोबर त्याने कधी चार पावलं चालायचा हट्ट केला नव्हता. दोघे घामाघूम होऊन परत यायचे, दारात एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे, आणि मी खिडकीत बसून चहा फुंकत राहायचो. शेजारची गोरी बाई त्यांना ‘मिस्टर वान’ म्हणायची आणि टाळी द्यायची. मला नुसती मान हलवायची.

त्यानंतरच्या आठवड्यात टिपणीसबाईंचा फोन आला नाही. मी रोज वाट बघायचो. स्नेहल घरातूनच काम करायची. ती वर मीटिंगमध्ये असायची, सुजय ऑफिसला. ओवीला दुपारी बालवाडीतून आणायचं काम वानखड्यांचं. येताना दोघे बागेत थांबायचे. एका दुपारी मला घरात बसवेना. हा माणूस तिथे असं काय करतो की पोरगी त्याला सोडत नाही, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी कोट घालून निघालो. बर्फाचा पहिला थर पडून वितळला होता. झाडं पिवळी पडली होती आणि बाग जवळजवळ रिकामी होती.

मी कुंपणाशी थांबलो. ओवी घसरगुंडीखाली उभी राहून हाका मारत होती. वानखडे बाकावर बसले होते. नव्हे, बाकाला धरून होते. एक हात पाठीच्या फळीवर आवळलेला, मान खाली. ओवी पळत आली आणि त्यांची बाही ओढायला लागली. “आबा, चल ना!”

“स्टॅच्यू,” ते म्हणाले. “आबा स्टॅच्यू खेळून राहिले. तू दहा फेऱ्या मार, मग आबा हलतील.”

ती आनंदाने पळाली. तेवढ्या वेळात त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते आणि त्यांना माझ्याकडे नीट बघता येत नव्हतं.

“सर, काय हुतंय?”

“काही नाही. ऊन लागलं थोडं.”

“ऊन? हितं?”

मी ओवीचा हात धरला, आणि त्या दिवशी ती “तू बस” म्हणाली नाही. दुसऱ्या हाताने मी व्याह्यांचं कोपर धरलं. आम्ही घरी आलो. ओवीला तळघरातल्या टीव्हीसमोर बसवलं आणि त्यांना माझ्या खोलीत नेलं. माझं रक्तदाबाचं मशीन टेबलावरच असायचं. त्यांनी नको नको म्हटलं, तरी मी दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. मी पुन्हा घेतला. पुन्हा तोच.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“जुनंच आहे,” ते म्हणाले. “अमरावतीला दोन गोळ्या चालू होत्या. व्हिसाच्या तपासणीला गोळी खाऊनच गेलो. मग बंद केल्या.”

“बंद? का?”

“आमच्या एका मास्तराचा पोरगा टोरांटोला आहे. त्यानं सांगितलं, गोळी चालू असली की आजार धरतात. गोळीच नसली तर आजार नाही, विमा सरळ मिळते. मिळाला ना!” एवढ्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा विजय होता.

“अहो सर, गोळी सोडली म्हणून आजार सुटतो व्हय? आणि उद्या काही झालं, तर कंपनी जुने कागद काढंल आणि एक पैसा देणार न्हाई. विमा असून नसल्यासारखा.”

“काही होत नाही. मी सांभाळतो.” मग त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. “मगदूमसाहेब, एक करा. स्नेहलला सांगू नका. तिला कळलं तर मले दुसऱ्या दिवशी विमानात बसवते.”

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. एक वाक्य, वरच्या मजल्यावर जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं, आणि समोरची खोली रिकामी होणार होती. बाग माझी, रविवार माझा, बुटांचे पट्टे माझे.

“मुलीपासनं लपवता?” मी म्हणालो. “आमच्यापासनं एक वेळ ठीक आहे. पण तिच्यापासनं?”

“मुलीच्या घरी बापानं आजारी पडायचं नसते, साहेब. तुमचं वेगळं आहे. तुमच्या मुलाचं घर आहे हे. तुम्ही कण्हलात तर हक्कानं कण्हता. मी कण्हलो तर तिच्या सासरी म्हणतील, बाप येऊन पडला गळ्यात.”

“कोण म्हणंल? सासर म्हणजे मीच की! मी कधी म्हणालो?”

“तुम्ही नाही म्हणत. पण मी ऐकतो ना.” मग एकदम रागावल्यासारखे बोलायला लागले. “अन् तुम्हाला सांगू काय? मला तुमचा हेवा वाटते. रोज सकाळी तुमच्या बोटाले सुई कोण टोचते? माझी पोट्टी. तुमची भाजी बिनमिठाची कोण करते? माझी पोट्टी. ‘बाबा, गोळी घेतली का’, ‘बाबा, मोजे घाला’. तुम्हाला बाबा म्हणते अन् मलाही बाबा म्हणते, पण तुम्हाला म्हणते तेव्हा थांबून विचारते. मी तिची आई गेली तेव्हा तिच्या वेण्या घालायला शिकलो, शेजारच्या बाईकडून. शाळेत मुलं हसायची मास्तरला. अन् आता मी ठणठणीत आहे ना, म्हणून माझ्याकडे बघायचं काही कारणच नाही तिला. कधी कधी वाटते, मलाही एखादा स्टेंट पाहिजे होता.”

वर्षभर मी ज्या माणसावर जळत होतो, तो माझ्या दुधीच्या भाजीवर जळत होता.

बाहेर टीव्हीचा आवाज चालू होता. ते माझ्या पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. ओठांची एक बाजू मला थोडी ओघळल्यासारखी वाटली. खरी की माझ्या भीतीने, देव जाणे. मी उठलो, जिना चढलो. मधल्या पायरीवर मला दम लागला, तरी थांबलो नाही. स्नेहलच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. ती पडद्यावरच्या दहा-बारा चेहऱ्यांशी बोलत होती.

“स्नेहल, खाली ये. तुझ्या बाबांचं बीपी दोनशेच्या वर गेलंय.”

मी हे त्यांच्या जिवासाठी बोललो की ओवीसाठी, याचा निवाडा मी आजवर केलेला नाही. जीभ एकच होती आणि कारणं दोन होती.

ती धावत खाली आली. पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि बापाच्या अंगावर ओरडली. “कधीपासून? बाबा, कधीपासून? मला नाही सांगितलं?”

“बेटा, तुझ्या सासरी कशाला उगाच...”

“हे सासर नाहीये! हे माझं घर आहे. हप्ते मी भरते याचे!” असं म्हणून ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. वानखडे तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मी दाराशी उभा होतो. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवलं नाही. मी ओवीजवळ जाऊन बसलो.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. सुजय ऑफिसातून आला, त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि बिल खिशातून भरलं. अर्धांगाचा झटका थोडक्यात हुकला, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. स्नेहलने स्वतः टिपणीसबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, आणि बाईंनी तो विमा रद्द करून टाकला. आजार लपवल्यामुळे आता नव्या गोळ्यांवर सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय कुठलीही कंपनी, ती तीन महिन्यांवर मानणारीसुद्धा, त्यांना दारात उभं करणार नव्हती. म्हणजे परत अमरावतीला.

आणि त्याच आठवड्यात माझा फोन वाजला. “काका, पेढे द्या! त्या कंपनीनं तुम्हाला घेतलं. हृदयासकट!”

सुजयने हप्ता ऐकून डोळे मिटले, पण भरला. मी देवापुढे साखर ठेवली. जिंकलो होतो मी. वर्षभराचा विमा, वर्षभराचा मुक्काम, आणि समोरची खोली रिकामी.

जेवताना स्नेहल म्हणाली, “बाबांना एकटं नाही पाठवता येणार. मी ऑफिसशी बोललेय, सहा महिने तिकडून काम करता येईल. ओवीला घेऊन जाते. तिची शाळा काय, बालवाडीच आहे.”

घास माझ्या हातातच राहिला. वानखडे ताटाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी त्यांना क्षमा केली नसती. पण त्यांनी नाही बघितलं.

ती माणसं गेली आणि खरा बर्फ सुरू झाला. सुजय सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मी स्वतःच स्वतःच्या बोटाला सुई टोचायचो. दुधी आणायचा कुणी, म्हणून ब्रेड खायचो. खिशात विम्याचं कार्ड होतं आणि त्या कार्डाने राखायचं असं घरात काही उरलं नव्हतं. सुजय म्हणायचा, “बाबा, आता निर्धास्त राहा. कव्हर आहे तुम्हाला.” तोही सैरभैर झाला होता. रविवारी पळायला जायचा नाही.

एकदा फोनवर ओवी दिसली. मागे संत्र्यांची टोपली, अंगात फ्रॉक, पायात काही नाही. म्हणाली, “आज्जा, मी आबांना रोज गोळी देते. मीच देते. आईला नाही देऊ देत.”

“आणि मला कोण देणार?”

तिने विचार केला. “तू तिकडं आजारी आहेस ना. इकडं आजारी पड, मग देते.”

फोन ठेवला आणि टिपणीसबाईंना लावला. “बाई, विमा परत करता येतो का हो?”

“काका! किती कष्टानं मिळवला मी तो. काय झालं?”

“काही न्हाई. बरं वाटत न्हाई म्हणून.”

क्लेम झालेला नव्हता, त्यामुळे उरलेल्या महिन्यांचं काहीतरी परत मिळणार होतं. सुजय चिडला, पण शेवटी तिकीट काढून दिलं. नातेवाइकांत गवगवा झाला तो वेगळाच. इचलकरंजीच्या बहिणीने फोनवर विचारलं, “मुलाचा बाप तू, आणि मुलीच्या बापाच्या घरी मुक्कामाला जाणार? लोक काय म्हणतील?” मी म्हणालो, “विमा काढावा लागत न्हाई तिथं, एवढंच म्हणतील.”

अमरावतीच्या त्या घराच्या फाटकाशी मी रिक्षातून उतरलो तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. वानखडे पायरीवर बसले होते. स्नेहल त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पायाला तेल लावत होती. ओवी त्यांच्या मांडीला टेकून चित्र काढत होती. मला बघताच पोरगी किंचाळत धावत आली. स्नेहल तेलकट हातांनीच उठली. “बाबा, प्रवासात गोळ्या घेतल्यात का? पायांना सूज आलीय का? आधी बसा बघू.” दोघी माझ्याभोवती गोळा झाल्या.

पायरीवर वानखडे एकटेच उरले. एक पाय तेल लावलेला, दुसरा कोरडा. त्यांनी माझ्या बॅगांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दोघींकडे.

“आलेच का तुम्ही?” ते म्हणाले. “दोन महिने तरी तिकडे दम धरायचा होता ना बाप्पा. आत्ता कुठं माझ्याकडे बघायला लागली होती ती.”